आई कामावर, बाळ घरी : अंगावरचे दूध आणि पुढचा पाळणा

बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला की घरात बोलणे सुरू होते. "भुईमूग काढायला आलाय, माणसं मिळत नाहीत, किती दिवस घरात बसणार?" मजुरीवर जाणाऱ्या बाईला तर कोणी म्हणावेही लागत नाही. डब्यातले पीठ संपत आले की ती आपणहून खुरपे उचलते. कोणी शाळेत शिकवायला जाते, कोणी अंगणवाडीत, कोणी द्राक्षाच्या शेडवर माल निवडायला. काम वेगवेगळे, अडचण मात्र एकच : तान्ह्या बाळाच्या दुधाचे काय करायचे?

पुष्कळ घरांत याचे उत्तर ठरलेले असते. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात पाणी घालायचे, बाटलीत भरायचे आणि बाळ आजीच्या मांडीवर द्यायचे. आई संध्याकाळी येऊन पाजेल तेवढे पाजेल. महिना-दीड महिना असा गेला की "हिचं दूधच आटलं" असे सगळे म्हणू लागतात. बाळाला हगवण लागते, दवाखान्याच्या खेपा सुरू होतात. आणि अशातच पुष्कळदा दुसरी बातमी कळते : बाईला पुन्हा दिवस गेले. पहिले अजून नीट बसतही नाही तोच दुसरे पोटात.

दूध आटणे आणि लवकर दिवस जाणे या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. हे समजावे म्हणून ही पत्रिका काढली आहे. ती नवरा-बायकोने मिळून वाचावी. वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावी. सासूबाई ऐकायला बसल्या तर फारच चांगले, कारण दिवसभर बाळाला पाजायचे ते त्यांनाच.

दूध आटते ते कशाने?

कष्टाने दूध आटते, उन्हाने आटते, असा समज आहे. तो खरा नाही. दूध आटते ते अंगावर पाजणे कमी झाल्याने.

बाळ स्तन चोखते तेव्हा त्याची वर्दी आईच्या मेंदूला जाते. मेंदूतून दोन रस रक्तात उतरतात. एक रस दूध तयार करतो, दुसरा ते बाहेर सोडतो. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. बाळ जितक्या वेळा चोखेल तितक्या वेळा वर्दी जाणार आणि तितके दूध तयार होणार. दूध तयार करणारा रस रात्रीच्या पाजण्याने जास्त वाढतो, हेही ध्यानात ठेवा. उलट, स्तन तासन् तास भरलेला राहिला की शरीराला वाटते, आता इतक्या दुधाची गरज नाही. मग ते आपोआप कमी करते.

ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चार दिवस धार वेळेवर काढली नाही, कास तशीच तुंबू दिली, की गाय दूध चोरू लागते आणि हळूहळू आटते. वैरण कितीही घाला, धार काढणारा हात चुकला की दूध गेले. उपमा जरा गोठ्यातली झाली, पण गोष्ट तीच आहे.

म्हणजे कामावर जाणाऱ्या आईने दोनच गोष्टी सांभाळायच्या. बाळाजवळ असताना भरपूर वेळा पाजायचे. बाळापासून लांब असताना स्तन रिकामे करायचे, म्हणजे हाताने दूध काढायचे. ते काढलेले दूध बाळाला मिळाले तर उत्तम. काही कारणाने फेकावे लागले तरी काढणे थांबवायचे नाही, कारण उद्याच्या दुधाची सोय आजच्या काढण्यातून होते.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरे काहीही लागत नाही. पाणीसुद्धा नाही, अगदी चैत्र-वैशाखातही नाही. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. बाळाची तहान त्यातच भागते.

कामावर जाण्याआधीचे पंधरा दिवस

काम ज्या दिवशी सुरू होणार त्या दिवशी सकाळी धावपळ करून काही होत नाही. पंधरा दिवस आधीपासून रोज एक वेळ हाताने दूध काढायची सवय करा. सकाळची वेळ चांगली, तेव्हा स्तन भरलेले असतात. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम झाकेल. त्याने घाबरून जाऊ नका. "बघ, हिला दूधच नाही" असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. हाताला आणि अंगाला सवय व्हायला आठवडा लागतो.

याच पंधरा दिवसांत बाळाला वाटी-चमच्याची सवय करायची. ती आईने न करता जी बाई दिवसभर सांभाळणार तिनेच करावी. आईच्या पदराचा वास आला की बाळ चमचा कशाला तोंडात घेईल? आईने त्या वेळी उठून दुसऱ्या खोलीत जावे.

दूध काढायचे असे : हात साबणाने स्वच्छ धुवा. आडोशाला निवांत बसा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके दोन मिनिटे स्तनावर ठेवा आणि बोटांनी हलके हलके वरून खाली चोळा. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, बोंडीभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला धरा. बोटे आधी मागे छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे दाबा आणि सोडा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बोंडी ओढायची नाही, ओढून दूध येत नाही आणि दुखते मात्र. सुरुवातीला थेंब येतील, मग पान्हा सुटला की धारा लागतील. बोटे फिरवत राहा, म्हणजे सगळ्या बाजूंचे दूध निघेल. एका बाजूला चार-पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली, असे वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजा आणि आशाताईला किंवा नर्सबाईला एकदा समोर बसवून दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.

पान्हा मनाशीही बांधलेला असतो. घाईत, भीतीत, भांडणानंतर तो लवकर फुटत नाही. बाळाचे कुंची-टोपडे जवळ घेतले, बाळ डोळ्यांपुढे आणले तरी कित्येक बायांना पान्हा फुटतो.

काढलेले दूध कसे ठेवावे, कसे पाजावे

भांडे स्टीलचे, रुंद तोंडाचे आणि घट्ट झाकणाचे घ्या. घासून, पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्या. दूध काढले की लगेच झाकण लावा. काढलेल्या दुधाला दृष्ट लागते अशी काही घरांत भीती असते. झाकण लावले की दृष्टही लागणार नाही आणि माशीही बसणार नाही.

हे दूध घरातल्या गार जागी चार तास चांगले राहते. फार उन्हाळा असेल तर तीन तासांचाच हिशेब धरा. परातीत माठाचे गार पाणी घालून त्यात भांडे ठेवा आणि वरून ओले फडके टाका. घरात किंवा शेजारी फ्रीज असेल तर आतल्या बाजूला ठेवलेले दूध एक दिवस, म्हणजे चोवीस तास चालते. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे गारवा टिकत नाही. दर वेळी काढलेले दूध वेगळ्या भांड्यात ठेवा आणि आधीचे आधी वापरा. वर साय तरंगलेली दिसेल. ते नासलेले नसते, भांडे हलके फिरवून घ्या.

हे दूध चुलीवर किंवा गॅसवर तापवायचे नाही. उकळल्याने त्यातले रोगाशी लढणारे गुण जातात. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडे धरून कोमट करा, एवढे पुरे.

पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ बोंडल्याने. एका वेळेला साधारण ६० ते १०० मिलिलिटर लागते. बाळाला मांडीवर अर्धे बसते धरावे, चमचा खालच्या ओठावर टेकवावा आणि बाळाला आपणहून चाटू द्यावे. घशात ओतू नये. वाटीत उरलेले उष्टे दूध पुन्हा ठेवू नये.

बाटली मात्र घरात आणू नका. बुचाच्या खाचेत आणि रबरी बोंडीत राहिलेले दूध आंबते, तिथेच हगवणीचे जंतू वाढतात. शिवाय रबरी बोंडीतून दूध आपोआप गळते. बाळाला त्याची चटक लागली की अंगावर जोर लावून चोखायचा ते कंटाळा करते. चोखणे कमी झाले की दूध कमी, हे वर सांगितलेच आहे. डब्यातल्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा छापता येत नाही. असा कायदा कोणी उगीच करत नाही.

आणखी एक. आई घरी नाही, बाळ रडते, म्हणून त्याला झोपेचे काहीतरी चाटवायची जुनी खोड आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन पाळी करायला जात. आज अफूची गोळी राहिली नसली तरी खोकल्याचे औषध, गुटी, मध हे चालूच असते. यातले काहीही देऊ नका. झोपवलेले बाळ भुकेले राहते आणि भुकेची ओरडही करत नाही.

दिवस कसा बसवावा?

समजा, सकाळी साडेनऊला निंदणीला जायचे आणि सहाला परत यायचे. पहाटे उठल्याबरोबर बाळाला पाजा. स्वयंपाक उरकून निघण्याच्या आधी पुन्हा पोटभर पाजा. पाजून झाल्यावर उरलेले हाताने काढून ठेवा. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत कोणी बाळ शेतावर घेऊन आले तर फार चांगले. सायकलवर किंवा मोटारसायकलवर आजी आणि बाळ यांना आणून सोडणे हे काम बाळाच्या वडिलांनी करावे. अर्ध्या तासाची खेप आहे, पण तिने एका वेळचे दूध वाचते आणि आईचा जीव शांत होतो. तसे जमत नसेल तर आईने बांधाच्या आड बसून पाच-दहा मिनिटे दूध काढावे. स्तन दगडासारखे होईपर्यंत वाट पाहू नये. घरी आल्यावर आधी बाळ, मग चूल. पाणी आणणे, भाकरी टाकणे हे त्या पाऊण तासात दुसऱ्या कोणी केले तर घर काही बुडत नाही.

रात्री बाळ आईच्या कुशीतच झोपवा. दिवसा आई न मिळालेले बाळ रात्री दोनदा-तीनदा उठते आणि ओढून ओढून पिते. आईला याचा त्रास होतो, हे खरे आहे. पण रात्रीच्या या पिण्यानेच दूध टिकते. कुशीवर झोपून पाजायला शिका, म्हणजे पाठीला आराम मिळेल. सुट्टीच्या दिवशी तर बाळाला मागेल तितक्या वेळा अंगावर घ्या. आठवड्यात कमी झालेले दूध एका दिवसात बरेच भरून निघते.

बाळाला पुरते की नाही, हे त्याच्या रडण्यावरून ठरवू नका. दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का बघा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. पहिल्या तीन-चार महिन्यांत महिन्याला अर्धा किलो तरी वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे.

सहा महिने पूर्ण झाले की काम सोपे होते. तेव्हा बाळाला वरचे अन्न सुरू करायचेच असते : नाचणीची खीर, मऊ वरण-भात, कुस्करलेले केळे, भाकरी-वरणाचा काला, वर चमचाभर तेल किंवा तूप. दिवसा आजी हे भरवील, सकाळ-संध्याकाळ-रात्र आई अंगावर पाजील. असे दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे.

आयाबायांच्या शंका

"दिवसभर अंगात राहिलेलं दूध शिळं होतं, ते पिळून टाकून मग पाजावं." नाही. दूध अंगात असताना शिळे होत नाही, नासत नाही. ते टाकणे म्हणजे बाळाच्या ताटातले उचलून फेकणे.

"उन्हातून आलीस, तापलेलं दूध पाजू नको." दुधाची ऊब आईच्या अंगाइतकीच असते, उन्हाने ते तापत नाही. पाच मिनिटे सावलीत टेका, तांब्याभर पाणी प्या, हात धुवा, घाम पुसा आणि पाजा. हे टेकणे आईच्या आरामासाठी आहे.

"भातलावणीला दिवसभर पाण्यात उभी होते, दुधातून बाळाला सर्दी होईल." होत नाही. उलट आईला सर्दी झाली तर तिच्या दुधातूनच बाळाला त्या सर्दीशी लढायचे बळ मिळते. शिंकताना तोंडावर पदर धरा, एवढेच.

पण एका गोष्टीची भीती जरूर बाळगा, ती म्हणजे फवारणीची. अंगावर पाजणाऱ्या बाईने कीटकनाशकाची फवारणी करू नये, औषध कालवू नये, औषध लावलेले बियाणे हाताने टाकू नये. त्या रानात जावेच लागले तर घरी येऊन आधी साबणाने हात-तोंड-छाती धुवा, लुगडे बदला आणि मगच बाळाला घ्या. फवारणीचा रिकामा डबा दूध-पाण्यासाठी तर कधीच वापरू नका.

मिश्री आणि तंबाखूही तशीच. मिश्री लावणाऱ्या आईच्या दुधात तंबाखूचे विष उतरते. सोडवत नसेल तर आशाताईशी बोला. तोपर्यंत निदान पाजण्याच्या आधी लावू नका.

स्तनात गाठ झाली, लाल झाले, ताप भरला, तर पाजणे थांबवू नका. दुखऱ्या बाजूने पाजा, नाहीतर दूध काढा, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. तुंबलेले दूध तसेच ठेवले तर तिथे पू होतो.

आईच्या खाण्याबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण ते सगळ्यांना माहीत असते, फक्त केले जात नाही. कष्ट करणाऱ्या आणि पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा एक-दीड भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ आणि पालेभाजी जास्त लागते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत निदान या दोन वर्षांत मोडा. लोहाच्या आणि चुन्याच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने रोज घ्यायच्या असतात. त्या उपकेंद्रात फुकट मिळतात.

उसाच्या फडावर जाणाऱ्यांसाठी

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची अडचण निराळी आहे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलायचे ते होळी-पाडव्यापर्यंत कोपीत काढायचे. पहाटे अंधारात फड गाठायचा. सोबत आजी नाही, अंगणवाडी कधी लांब, कधी नाहीच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बाई घरी राहिली तर अर्धा कोयता जातो आणि उचल फिटत नाही.

इथे आमचे सांगणे असे की उचल घेण्यापूर्वीच बाळाचा हिशेब करा. बाळंतपण हंगामाच्या तोंडावर असेल तर मुकादमाशी तसे आधी बोलून ठेवा आणि निदान सहा आठवडे बाईच्या हाती कोयता देऊ नका. मोळ्या उचलणे आणि गाडी भरणे तर त्यानंतरही काही महिने गड्यानेच करावे. बाळाला फडावर न्यायचे झाले तर झोळी जमिनीपासून उंच, सावलीत, आणि गाडीच्या वाटेपासून व जळत्या पाचटापासून लांब बांधा. बाळ जवळ असले तर दूध काढण्याचा प्रश्नच उरत नाही, दर दोन-तीन तासांनी जाऊन पाजायचे. चार-पाच बिऱ्हाडांतल्या बाया पाळीपाळीने मुले सांभाळतात, ही चाल चांगली आहे. पण थोरल्या पोरीची शाळा सोडवून तिला धाकट्याच्या राखणीला फडावर नेऊ नका. ती पोर आठ-दहा वर्षांची असते. तिलाच कोणीतरी सांभाळायला हवे.

सरकारी सवलती

पगारी नोकरी करणाऱ्या बाईला १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. कामावर आल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या, आणि ५० किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर, अशी सोय आहे. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. शेडवर, कारखान्यात, शाळेत काम करणाऱ्या बायांनी याची चौकशी जरूर करावी.

शेतमजूर बाईला ही रजा मिळत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. बुडालेल्या मजुरीची थोडीतरी भरपाई व्हावी, हा त्याचा हेतू आहे. तो पैसा बाईच्या विश्रांतीसाठी आहे, बैलाच्या पत्रीसाठी नाही. नाव आशाताई किंवा अंगणवाडी सेविका नोंदवून देते.

आता पाळण्याची गोष्ट

"अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत," असे आपल्याकडे आज्या सांगतात. यात अर्धे सत्य आहे, आणि ते पुरते समजून न घेतल्याने पुष्कळ जोडपी फसतात.

बाळ वरचेवर चोखत असते तेव्हा दूध तयार करणारा रस वाढलेला असतो आणि बाईच्या अंडकोशातून बीज बाहेर पडणे थांबते. म्हणून पाळी येत नाही आणि दिवस जात नाहीत. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ या गावी निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ जमले आणि त्यांनी यावर एकमत केले. पण त्याला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले पाहिजे. बाळंतपणानंतर पाळी एकदाही आलेली नसली पाहिजे. आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर पाहिजे, दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड पडता कामा नये. तिन्ही अटी पाळल्या तर शंभर बायांत दोघींनाही दिवस जात नाहीत. तिन्हींपैकी एक जरी मोडली तरी भरवसा संपला.

आता विचार करा. जी बाई साडेनऊला जाते आणि सहाला येते, तिची तिसरी अट पहिल्याच दिवशी मोडते. तिने दूध हाताने काढले तर दूध टिकते, बाळ वाढते, पण हाताने काढणे आणि बाळाने चोखणे यात फरक आहे. हाताने काढल्याने बीज रोखणारी वर्दी तितक्या जोराने जात नाही. चिली देशात सांतियागो शहरात नोकरी करणाऱ्या आणि दूध काढून ठेवणाऱ्या १७० आयांची पाहणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. बाळ फक्त आईच्याच दुधावर असूनही सहा महिन्यांत शंभरात पाचजणींना दिवस गेले. आणि ज्या घरी बाटली आली तिथे तर काही विचारायलाच नको.

पाळी आली की बघू, असेही पुष्कळजण म्हणतात. पण बीज आधी बाहेर पडते आणि पाळी त्यानंतर पंधरा दिवसांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतर पाळी एकदाही न येता दिवस जाऊ शकतात. मग चार महिने कळतही नाही, कारण पाळी चुकल्याची खूणच नसते.

दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर असावे. त्याआधी दिवस गेले तर अंगावरचे बाळ, पोटातले बाळ आणि कामाचे कष्ट, तिन्ही एकाच बाईच्या रक्तावर चालतात. म्हणून कामाची तारीख ठरवाल त्याच दिवशी साधनही ठरवा. ते कामावर जाण्याआधी सुरू झालेले पाहिजे.

यांतले कोणते साधन पाजणाऱ्या आईला चालते? तांबी सगळ्यांत निर्धास्त. ती बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. दुधावर तिचा काही परिणाम नाही, जड काम करतानाही ती हलत नाही, पाच किंवा दहा वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. 'अंतरा' हे इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. उसाच्या हंगामाला जाणाऱ्यांनी पुढच्या सुईची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड बरोबर न्यावे, म्हणजे जिथे असाल तिथल्या आरोग्य केंद्रात घेता येईल. 'छाया' ही गोळी पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरावीक वार, मग आठवड्यातून एकदा. 'माला' ही रोजची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये, तिने दूध कमी होऊ शकते. नेहमीची गोळी म्हणून शेजारणीकडून घेऊन खाल्ली जाते, ती हीच.

निरोध तर पुरुषाच्या हातातले साधन आहे. दुधाचा संबंध नाही, डॉक्टरची गरज नाही, आशाताईकडे मिळतो. फक्त दर वेळी वापरला पाहिजे.

आणि ज्यांची दोन मुले झाली, आता पाळणा पुरे असे दोघांचे ठरले, त्यांनी बाईच्याच शस्त्रक्रियेचा विचार का करावा? ती बाळंतपणातून उठलेली, पाजणारी, कामाला जाणारी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो, आठवड्याने जड कामाला लागतो. ताकद जात नाही, संसारसुखात फरक पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग धातूची तपासणी करून घ्यायची, तोपर्यंत भरवसा धरायचा नाही.

ही सगळी साधने सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. बाळाला दीड महिन्याची लस टोचायला उपकेंद्रात जाता, त्याच खेपेला दोघांनी मिळून जा आणि नर्सबाईला कामावर कधी जाणार ते सांगा. दूध काढायची रीतही ती त्याच वेळी दाखवील.